प्रवासात लॅपटॉपला नेट कसं चालवायचं? सगळे तेच तेच विचारतात ते प्रश्न

मी लातूरचा, काम पुण्यातल्या कंपनीचं. महिन्यातून दोन-तीन चकरा पुण्याला होतात, अधूनमधून संभाजीनगर नाहीतर नांदेड, आणि बराच वेळ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसमध्येच जातो. शेजारचा माणूस दहा मिनिटं बघतो आणि मग विचारतोच, "ह्याला नेट कुठून घेतलं ओ?" गावाकडची पोरं, भाचे, मित्राचे धाकटे भाऊ हेही तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. माझं मत आधीच सांगतो, खिशातला फोन, एक चांगली डेटा केबल आणि दुसऱ्या कंपनीचं एक सिम एवढ्यात नव्वद टक्के लोकांचं भागतं, बाकी खरेदी उगंच.

प्रश्न: लॅपटॉपमध्येच सिम टाकता येत नाही का?

काही महागड्या लॅपटॉपमध्ये सिमची जागा असते, काहींत ई-सिम, म्हणजे कार्ड न टाकता आतच बसवलेलं सिम, चालतं. पण आपल्याकडं दुकानात जे तीस-पन्नास हजाराचे मिळतात त्यात बहुतेक नसतंच. बाजूला जी बारकी फट दिसते ती मेमरी कार्डाची असते, त्यात सिम कोंबू नका, एका भाच्यानं कोंबलं होतं आणि ते काढायला दुरुस्तीवाल्याकडं जावं लागलं.

प्रश्न: मग सगळ्यात सोपं काय?

फोनचा हॉटस्पॉट. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट अँड टेदरिंग असं असतं, आयफोनमध्ये पर्सनल हॉटस्पॉट. चालू करायचं, नाव आणि पासवर्ड बघायचा, लॅपटॉपच्या वायफाय यादीत तेच नाव शोधून जोडायचं, संपलं. पासवर्ड १२३४५६७८ असा ठेवू नका, बसमध्ये चाळीस जण असतात आणि त्यातल्या दोघा-तिघांना तरी तो पहिल्या फटक्यात सुचतो.

प्रश्न: हॉटस्पॉट लावायचा का केबल?

केबल. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि कुणी ऐकत नाही. ज्या वायरीनं फोन चार्ज करता तीच लॅपटॉपला लावायची आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, एवढंच. हॉटस्पॉटमध्ये फोन एकीकडं टॉवरशी बोलतो आणि दुसरीकडं वायफाय पण फेकत बसतो, त्यामुळं बॅटरी बघता बघता उतरते आणि फोन तापतो. केबलमध्ये वायफाय फेकायचं काम वाचतं, वर फोन चार्ज पण होत राहतो, अर्थात ती वीज लॅपटॉपच्याच बॅटरीतून जाते हे ध्यानात ठेवा.

दुसरा फायदा मला लई उशिरा कळला. रेंज लागते ती फोनला, लॅपटॉपला नाही. मग फोन खिडकीजवळ ठेवायचा आणि लॅपटॉप मांडीवर. रेल्वेच्या डब्याची बॉडी सगळी लोखंडी, एसी डब्याची तर काचही बंद, आत मधल्या सीटवर फोन खिशात ठेवून बसलं तर अर्धी रेंज तिथंच जाते. दीड-दोन मीटरची केबल घेतली की फोन काचेला टेकवून ठेवता येतो. स्लीपरमध्ये मात्र उघड्या खिडकीत ठेवू नका, स्टेशनातून गाडी हलली की बाहेरून हात येतो आणि फोन गेला.

टेदरिंगचं बटण दबतच नसेल तर नव्वद टक्के केबलचा दोष. रस्त्यावर पन्नास रुपयाला मिळणाऱ्या बऱ्याच वायरींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. आयफोन असेल आणि लॅपटॉप विंडोजचा असेल तर ॲपलचं सॉफ्टवेअर आधी टाकून ठेवावं लागतं, ते घरीच करा. मॅकबुकला अँड्रॉइड फोन केबलनं जोडायला गेलात तर बऱ्याचदा जमत नाही, तिथं सरळ हॉटस्पॉट.

प्रश्न: हॉटस्पॉट चालू आहे पण लॅपटॉपला दिसतच नाही?

फोन वायफाय ५ गीगाहर्ट्झच्या लहरीवर फेकत असेल. जुन्या लॅपटॉपला ते दिसतच नाही, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ करा. आयफोनमध्ये त्याला मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी म्हणतात. आणि बराच वेळ कुणी जोडलं नाही की बरेच फोन हॉटस्पॉट आपोआप बंद करतात, ते पण एकदा बघा.

प्रश्न: डोंगल घ्यावं का?

रोज फिरतीचं काम असेल, औषध कंपनीत एमआर असाल, दोघा-चौघांना एकाच वेळी नेट लागत असेल, तर डोंगल, म्हणजे सिम टाकून वायफाय देणारा छोटा खिशातला राऊटर, बरा पडतो. नाहीतर नको. त्याला वेगळं सिम, वेगळा रिचार्ज, वेगळं चार्जिंग, आणि टॉवर तर तोच. फोनला जिथं रेंज नाही तिथं डोंगल काय जादू करणारे? माझं एक डोंगल कपाटात पडून आहे, कुणाला पाहिजे तर घेऊन जा.

प्रश्न: दोन जीबी सकाळी होतं, अर्ध्या तासात संपलं. कुणी चोरलं का?

तुमच्याच विंडोजनं खाल्लं. लॅपटॉपला वाटतं की आपण घरच्या वायफायवर आहोत, मग तो मागच्या मागं अपडेट उतरवतो, वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन तिजोरी) फोटो वर चढवत बसतं, एखादा गेम स्वतःलाच अपडेट करतो. विंडोजचे मोठे अपडेट काही जीबीचे असतात, दिवसाचा कोटा त्यात कधी गेला ते कळत पण नाही.

उपाय फुकट आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं ज्या वायफायला जोडलंय त्याच्या प्रॉपर्टीज उघडा आणि मीटर्ड कनेक्शन चालू करा. मग विंडोज बहुतेक अपडेट थांबवून ठेवतं. ह्यात एक गोम आहे, केबल लावली की विंडोज त्याला वायफाय समजत नाही, इथरनेट समजतं, त्यामुळं तिथं जाऊन मीटर्ड वेगळं चालू करावं लागतं. मी हॉटस्पॉटला केलं होतं आणि केबलला विसरलो, कुर्डुवाडी यायच्या आत कोटा साफ. कोटा संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, त्यात व्हॉट्सॲपचा साधा मेसेज कसाबसा जातो, मेल उघडायचं नाव काढू नका.

अजून एक, "माझं तर अनलिमिटेड फाइव्ह जी आहे" असं सांगणारे बरेच भेटतात. बाबांनो, ते फोन फाइव्ह जीवर असेपर्यंत. शहर सोडलं, गाडी रानात आली, फोन फोर जीवर उतरला की तिथून रोजचा कोटा कापायला सुरुवात.

प्रश्न: मराठवाड्यात फिरायला कोणतं सिम भारी?

ह्याला एकच उत्तर नाही, आणि जो छातीठोक सांगतो तो स्वतःच्या गल्लीपुरतं सांगतो. एका तालुक्यात एक कंपनी पळते, पुढच्या तालुक्यात तीच मरते. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची दोन सिमं ठेवा आणि एकाला मोठा डेटा प्लॅन, दुसऱ्याला बारका. एक कंपनी बंद पडली की सेटिंगमध्ये जाऊन मोबाईल डेटा दुसऱ्या सिमवर करायचा, केबल काढायची पण गरज नाही. एकाच कंपनीची दोन सिमं घेणाऱ्यांचं मला आजवर कळलं नाही, टॉवर गेला तर दोन्ही एकदमच जाणार ना.

बीएसएनएलला हसू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचं देशी बनावटीचं फोर जी देशभर सुरू झालं, साधारण ९७,५०० टॉवर. वेग कुठं कसा मिळतो हे गावागावावर आहे, पण आडवळणाच्या गावाला दुसरं सिम म्हणून बीएसएनएल ठेवणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत.

प्रश्न: कुठल्या रस्त्याला नेट जातं ते सांगा ना.

माझा अनुभव सांगतो, तुमचं सिम वेगळं असेल तर फरक पडेल. लातूर सोडलं की मुरूड, ढोकी, येडशीपर्यंत चांगलं असतं, येडशीच्या रामलिंग घाटात थोडा वेळ गटांगळ्या खातं, मग बार्शीपासून परत ठीक. संभाजीनगरला जाताना अंबाजोगाई, केज ठीक, मांजरसुंब्याच्या घाटात कॉल तुटतो म्हणजे तुटतोच, मी तर आता तिथं मीटिंगमध्ये आधीच सांगतो की पाच मिनिटं गायब होणारे. बीडच्या पुढं गेवराईकडं सपाट रान, तिथं बरं चालतं. कन्नडहून चाळीसगावला उतरणारा औट्रम घाट म्हणजे चहा घेऊन डोळे मिटून बसायची जागा. नांदेड जिल्ह्यात किनवट, माहूरकडं जंगल आणि डोंगर, तिकडं जाताना काम आधी उरकून निघा. आष्टी, पाटोदा भागात बालाघाटाचे डोंगर आहेत, वरच्या माळावर फुल रेंज आणि खाली दरीतल्या गावात शून्य असं होतं.

समृद्धी महामार्गाला एक वेगळीच मजा आहे. ७०१ किलोमीटरचा रस्ता, पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये उघडला, जून २०२५ ला पूर्ण झाला, आपल्या जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. पण रस्ता गावांपासून लांब रानातून काढलाय आणि टॉवर असतात गावात, त्यात गाडी १२० नं पळते, म्हणजे फोनला एका टॉवरवरून दुसऱ्यावर सारखी उडी मारावी लागते. मेल, चॅट चालतं, व्हिडिओ कॉल अडखळतो.

ह्याच्यावर माझी पद्धत अशी आहे की निघायच्या आधी रस्ता डोळ्यासमोर आणतो आणि कामं वाटून टाकतो. रेंज असलेल्या पट्ट्यात फाईल उतरवायच्या आणि पाठवायच्या, घाटात लिहायचं. गूगल डॉक्सला ऑफलाइन चालू करून ठेवलं की नेट नसताना पण लिहिता येतं, रेंज आली की आपोआप वर जातं. हे घरीच चालू करावं लागतं बरं का, घाटात आठवून उपयोग नाही.

प्रश्न: रेल्वेत वायफाय असतं ना?

गाडीत धरून चालू नका, स्टेशनवर असतं. रेलटेलचं रेलवायर नावाचं. जानेवारी २०१६ मध्ये गूगलसोबत मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं, २०२० मध्ये गूगलनं अंग काढून घेतलं आणि रेलटेल चालवत राहिलं. आता देशात सहा हजाराच्या वर स्टेशनांवर आहे. रोज पहिली तीस मिनिटं फुकट, १ एमबीपीएसनं, पुढं पैसे भरायचे. जोडलं की पेज उघडतं, मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, तो टाकायचा. म्हणजे फोन बंद पडलाय म्हणून लॅपटॉपवर वायफाय घ्यायला जाल तर ओटीपीसाठी फोनच लागणार, ही गंमत लक्षात असू द्या.

एवढ्या वेगात मेल आणि फॉर्म होतात. मोठ्या स्टेशनात गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबली तर डब्यातून पण पकडतं कधी कधी, पण प्लॅटफॉर्मच्या मधल्या भागात डबा असेल तर. देवगिरी, नंदीग्राम ह्या रात्रीच्या गाड्या, त्यात झोपाच. दिवसाच्या तपोवनला मी काम करतो, मनमाड ते संभाजीनगर मध्ये क्रॉसिंगला गाडी रानात थांबली की रेंज बघायची, असली तर थांबणं सुद्धा कामाला येतं.

प्रश्न: गाडीत लॅपटॉप चार्ज होतो का?

एसी डब्यात होतो. बऱ्याच डब्यांत सॉकेटला ११० व्होल्ट असतात, पण लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १००-२४० असं छापलेलं असेल तर काही बिघडत नाही. रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉईंट बंद ठेवतात, त्यामुळं आधीच करून घ्या. लाल परीत पॉईंट शोधत बसू नका, पॉवर बँक घ्या.

प्रश्न: वायफायला जोडलं, कनेक्टेड दाखवतं, पण लॉगिनचं पेजच येत नाही?

ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका, इंग्रजी अक्षरांत. ही साईट मुद्दाम साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर ठेवलीय, त्यामुळं वायफायवाल्याला तुम्हाला लॉगिन पेजकडं वळवता येतं. गूगल, फेसबुक सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर असतं, तिथं तसं वळवता येत नाही म्हणून नुसतं फिरत राहतं. तरी नाही आलं तर व्हीपीएन, म्हणजे आपलं नेट दुसऱ्या सर्व्हरमधून गुपचूप फिरवणारं ॲप, चालू आहे का बघा, असेल तर बंद करून लॉगिन करा आणि मग परत चालू करा.

प्रश्न: फुकटच्या वायफायवर बँकेचं काम केलं तर चालेल?

मी करत नाही. खरं सांगायचं तर आता बहुतेक साईट एचटीटीपीएसवर आहेत, मधल्या माणसाला पासवर्ड सरळ दिसत नाही. धोका असतो तो खोट्या वायफायचा. हॉटेलच्या नावाचंच वायफाय कुणीतरी शेजारी बसून चालू करतं आणि खोटं लॉगिन पेज देतं, त्यात तुम्ही जीमेलचा पासवर्ड टाकला की झालं. वायफायच्या लॉगिनला मोबाईल नंबर आणि ओटीपी मागणं ठीक, पण मेलचा पासवर्ड, कार्ड नंबर, यूपीआय पिन मागितला की तिथंच बंद करा. ब्राउझरनं सर्टिफिकेटची लाल वॉर्निंग दिली तर पुढं जाऊ नका. पैशाचं काम दोन मिनिटाचं असतं, तेवढ्यापुरता स्वतःचा हॉटस्पॉट लावा. फसलात तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा, सायबर फसवणुकीचा नंबर आहे तो.

प्रश्न: लॉजवर "फ्री वायफाय" लिहिलेलं असतं, भरवसा ठेवावा का?

पाटी बघून नाही. तुळजापूरला एकदा तिसऱ्या मजल्यावरची रूम घेतली, राऊटर खाली काउंटरच्या मागं, मध्ये दोन स्लॅब. रात्रभर जिन्यात बसून काम केलं. आता पैसे द्यायच्या आधी रूममध्ये जाऊन फोनवर एखादा व्हिडिओ लावून बघतो, आणि राऊटर कुठं आहे ते विचारून त्याच्या जवळची रूम मागतो. मॅनेजरला राग येतो कधी कधी, येऊ द्या.

प्रश्न: बसमध्ये आहे आणि साहेबांनी व्हिडिओ मीटिंग लावलीय, काय करू?

व्हिडिओ बंद ठेवा. एचडीत ग्रुप कॉल चालला तर तासाला जवळपास एक जीबी सहज जातो, नुसत्या आवाजाला त्याच्या अगदी थोडा भाग लागतो. त्याहून बरं म्हणजे मीटिंग फोनवरच घ्या, आणि लॅपटॉपवर फक्त ती फाईल उघडी ठेवा. झूममध्ये फोन नंबर लावून जोडायची सोय दिलेली असेल तर तीच वापरा, साधा कॉल कमी रेंजमध्ये पण टिकतो. आणि इअरफोन लावा राव, अख्ख्या शिवशाहीला तुमच्या टार्गेटशी काय घेणं.

प्रश्न: उन्हाळ्यात हॉटस्पॉट मध्येच बंद पडतो, फोन खराब झाला का?

नाही, तापला. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, बिगर-एसी बसमध्ये त्याहून जास्त. त्यात फोन चार्जिंगला, हॉटस्पॉट चालू आणि वर जाड कव्हर. फोन स्वतःला वाचवायला आधी स्पीड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग बंदच. कव्हर काढा, उन्हाच्या बाजूची खिडकी सोडा, ब्राइटनेस कमी करा. ओला रुमाल गुंडाळणारे पण बघितलेत मी, तसलं काही करू नका.

प्रश्न: फुल रेंज आहे पण नेटच नाही, असं का?

चार-पाच कारणं आहेत. नवीन सिम किंवा नवीन फोन असेल तर एपीएन बघा, म्हणजे मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये कंपनीच्या नेटचं जे नाव टाकलेलं असतं ते, एअरटेलचं एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, जिओचं जिओनेट, व्हीआयचं नुसतं तीन डब्ल्यू, बीएसएनएलचं बीएसएनएलनेट, सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत. ते बरोबर असेल तर एअरप्लेन मोड दहा सेकंद चालू करून बंद करा. गर्दी असेल, म्हणजे नवरात्रात तुळजापूर, महाशिवरात्रीला परळी नाहीतर औंढा, तर टॉवर आहे पण त्यावर लाखभर माणूस, तिथं दोन-तीन किलोमीटर बाहेर आल्याशिवाय इलाज नाही. गावात सकाळपासून लाईट गेली असेल तर टॉवरची बॅटरी दमलेली असते, लाईट आली की नेट येतं.

आणि कधी कधी वरूनच बंद असतं. २०२३ आणि २०२४ मध्ये आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड भागात मोबाईल नेट बंद ठेवलं होतं, तेव्हा लोक सेटिंग उलटीपालटी करत बसले होते. अशा वेळी आधी शेजाऱ्याला विचारा.

प्रश्न: फॉर्मची शेवटची तारीख आहे आणि वाटेत नेट नाही?

तालुक्याच्या गावाला उतरा आणि महा ई-सेवा केंद्र नाहीतर नेट कॅफे गाठा. सीईटीचे, भरतीचे फॉर्म ते दिवसाला पन्नास भरतात, कुठं फोटो किती केबीचा लागतो ते त्यांना पाठ असतं. ओळखपत्र सोबत ठेवा, २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार त्यांना ते बघून नोंद ठेवावी लागते. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड सेव्ह करू नका, डाऊनलोडमध्ये उतरलेलं आधार, मार्कशीट डिलीट करा, रिसायकल बिन पण रिकामं करा. आणि मोबाईल नंबर स्वतःचाच टाका, केंद्रवाल्याचा टाकून नंतर ओटीपीसाठी त्याच्या मागं फिरणारी पोरं दरवर्षी बघतो मी.

प्रश्न: देगलूरहून हैदराबाद, उदगीरहून बिदर, तिकडं आपलं सिम चालतं का? वेगळे पैसे?

चालतं, नेहमीच्या प्लॅनमध्येच. फक्त डेटा रोमिंग चालू ठेवा. अडचण जम्मू-काश्मीरला होते, तिथं बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. सचखंडनं अमृतसरला जाऊन पुढं वैष्णोदेवी करणारे आपल्याकडचे लई लोक कटऱ्याला फोन हातात घेऊन गोंधळतात, म्हणून सांगितलं.

प्रश्न: शेजारचा प्रवासी म्हणतो "पाच मिनिट हॉटस्पॉट द्या", द्यावा का?

पोरगं रिझल्ट बघणार असेल, म्हाताऱ्या माणसाला लेकराला मेसेज टाकायचा असेल तर मी देतो. देताना पासवर्ड बदलून देतो आणि झालं की परत बदलतो, कारण फोनला तो लक्षात राहतो आणि परतीच्या गाडीत तोच माणूस तीन सीट मागं बसलेला असेल तर आपल्याला कळणार पण नाही. बऱ्याच फोनमध्ये किती जण जोडलेत ते दिसतं, किती डेटा द्यायचा त्याची मर्यादा पण लावता येते, शंभर एमबी लावून टाका. एकदा बार्शीपासून एका काकांनी "फक्त एक फोटो पाठवायचा" म्हणून घेतला आणि टेंभुर्णीपर्यंत कीर्तन बघितलं. चांगलं होतं कीर्तन, मी पण बघत बसलो, काम राहिलंच.